चार वर्षांचा शब्द

लव्हेल टब्ज खुर्चीला पाठ टेकून बसलाय, असं मी क्वचितच पाहिलं. बसला तरी अर्ध्या कुल्ल्यावर, एक पाय दाराकडं. मिसिसिपीचा माणूस, बोलायला संथ, पण पायाला भिंगरी. आमच्या पगारी खेळाडूंच्या संघाच्या पुढच्या फळीचा तो कोच. पुढची फळी म्हणजे चेंडू फेकणाऱ्यासमोर भिंत होऊन उभे राहणारे पाच दांडगे गडी. समोरच्याचा मार खायचा हेच त्यांचं काम, आणि चूक झाल्याशिवाय त्यांचं नाव कुणी घेत नाही. फुटबॉल म्हणजे काखोटीला मारून पळायचा लांबोळा चेंडू. आमच्या तलावाकाठच्या शहराला दुसरा फुटबॉल ठाऊक नाही.

मी सामानाची खोली सांभाळतो. हेल्मेटं, बूट, खांद्याची चिलखतं. नव्या कोचच्या दारावर नावाची पाटी लावायचं कामही माझ्याकडंच. ती मी स्क्रूनं मारत नाही, चिकटपट्टीनं लावतो. कोचची नोकरी म्हणजे चिकटपट्टीचीच.

लव्हेलची पाटी मात्र बरेच हिवाळे टिकली. त्याची बायको ओडेसा, तिला तर हे नवलच होतं. त्याआधी नवऱ्याच्या मागं ती देशभर फिरली. मुलगी एका शाळेत धड दोन वर्षं कधी बसली नाही. इथं मुलगी शिकून मार्गाला लागली, ओडेसा डायलिसिसच्या वॉर्डात मोठी नर्स झाली, आणि जन्मात पहिल्यांदा तिनं स्वयंपाकघराच्या भिंतींना आपल्या मनाचा पिवळा रंग दिला. भाड्याच्या घराला कोण रंग देतं? हे घर तिनं विकत घेतलेलं होतं.

त्या डिसेंबरात आम्ही हरत होतो. शेवटची मॅच रविवारी, आणि सोमवारी मालक मुख्य कोचला नारळ देणार, हे इमारतीतल्या फरशा पुसणाऱ्यालाही माहीत होतं. मुख्य कोच गेला की त्यानं आणलेले सगळे त्याच्या मागोमाग जातात. आमच्यात त्या दिवसाला काळा सोमवारच म्हणतात.

त्याच आठवड्यात लव्हेलला अलाबामाहून फोन आला. टॅलापूला स्टेट कॉलेज. कॉलेज म्हणून नाक मुरडू नका. तिकडं लग्नाची तारीख काढताना आधी कॉलेजच्या मॅचा बघतात. त्यांना पुढच्या फळीला कोच हवा होता, आणि उत्तर सोमवारी दुपारपर्यंत हवं होतं.

शुक्रवारी दुपारी आमचे कोच लवकर सुटतात. लव्हेल माझ्या खोलीत आला, दार लावलं, जाळीच्या कपाटांपुढून दोन येरझारा घातल्या.

"डर्वुड, मला इमानतळावर सोड. कुणी इचारलं तर सांग, दाढ काढाया गेलाय."

"कुठली दाढ?"

"आता तीबी तूच ठरव."

आणि इथंच तो फसला. साधं तिकीट काढून गेला असता तर कुणाला कळलं नसतं. पण टॅलापूलाच्या कुण्या टायरवाल्या भक्तानं आपलं खाजगी विमान पाठवलं, आणि हा शहाणा त्यात बसला. कॉलेजच्या मॅचवेड्यांना या दिवसांत दुसरं काम नसतं. फोनवर विमानांचे नंबर धरून बसतात: कुठून उडालं, कुठं उतरलं, कोण कोच आला. लव्हेल ढगांत असतानाच अर्ध्या अलाबामाला तो येतोय हे कळलं होतं, आणि अर्ध्या अलाबामाकडून आमच्या पोरांना.

शनिवारी तो सरावाला आला तेव्हा फळीतले पाचही जण गालाला कापूस लावून ओळीनं उभे होते.

"कोच, दाढ कशी आहे?" हा मोनी. फिलिमोनी नाव, टोंगा बेटांवरचा गडी, दार भरून उरेल एवढा.

"बरी हाय."

"अलाबामातले दातवाले चांगले म्हणतात. विमान पाठवून पेशंट नेतात."

सगळे हसले. लव्हेलही हसला, पण त्याचे कान तापलेले मला दिसत होते. मोनीनं गालावरचा कापूस काढला. "जायचं तर जा कोच. आमच्यातला कुणी अडवणार नाही. पण आम्हाला ते फोनवरनं कळावं होय?"

लव्हेलनं शिट्टी गळ्यात अडकवली. "चला, पाय हलवा," म्हणाला आणि त्या दिवशी पोरांना घाम फुटेस्तोवर राबवलं.

संध्याकाळी गाडीत त्यानं मला सगळं सांगितलं. गाडी त्याच्या घरासमोर उभी होती, पण तो सारखा काच खाली-वर करत होता.

"मैदान झ्याक हाय. पोरं गुणाची हायेत. खांद्याला हात लावून दावलं की लगेच शिकत्यात. हितल्या पगारी गड्यांवानी वकिलाला इचारून नव्हं."

"मग घोडं कुठं अडलं?"

"त्यो कोलियर." कोलियर म्हणजे तिथला मुख्य कोच, वयानं लव्हेलच्या धाकट्या भावासारखा. "मला म्हनला, टब्ज, तुमाला फळीतलं समदं येतं, फक्त एक वाक्य शिका. कॉलेजच्या संघाला पोरं गोळा कराया घरोघर जायचं. आई वाढंल ते खायचं, दुसऱ्यांदा मागून घ्यायचं. आन् निघताना आईचा हात धरून म्हनायचं, बाई, तुमच्या लेकराची चार वर्सं हुईस्तोवर मी हितंच हाय."

"मग म्हणायचं."

"आरं, त्यो सोताच दोन कॉलेजं सोडून आलाय. त्येनं बी म्हनलंच आसंल की. सगळेच म्हनत्यात. आयास्नी बी ठावं आसतं. तरी म्हनाया लागतं, न्हाईतर पोरगं दुसऱ्या दारात जातंय."

काच वर गेली, खाली आली.

"माझ्या आईच्या घरात बी आसाच एक आला हुता. तिनं त्येला मक्याची भाकरी न् मासं वाढलं. म्या कॉलेजात पाय ठिवला तवर त्यो दुसरीकडं गेला हुता. आई मरंस्तोवर म्हनायची, त्या मानसानं दोनदा वाढून घेतलं हुतं."

मी म्हटलं, "ओडेसा काय म्हणते?"

"तिला आजून सांगितलं न्हाई."

"लव्हेल, अर्ध्या अलाबामाला माहीत आहे."

तो उतरून घरात गेला.

रविवारी आम्ही हरलो. सोमवारी सकाळी मुख्य कोच गेला, आणि बाकीच्यांना खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. मी खोक्यांचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरत होतो. लव्हेल आपलं खोकं घेऊन माझ्याच खोलीत आला. वरच्या मजल्यावर त्याला श्वास घेववेना. फोन टेबलावर ठेवला आणि हेल्मेटांच्या फळ्यांमधून फेऱ्या सुरू झाल्या.

दार उघडलं आणि ओडेसा आत आली. नर्सचे कपडे, वर जाड कोट, बुटांना बर्फ. इतक्या वर्षांत या इमारतीत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी उठायला लागलो.

"बस, डर्वुड. तू काय परका न्हाईस." मग नवऱ्याकडं वळली. "वॉर्डातल्या म्हाताऱ्यानं इचारलं, बाई, अलाबामाला कवा निघालात? त्येच्या नातवानं इमान पाह्यलं."

"सांगनार हुतो."

"कवा? ट्रक दारात आल्यावर?"

"हितली नोकरी गेली, ओडेसा. घरी बसून काय करू?"

"बस म्हनत न्हाई म्या. तुला बसाया यायचं न्हाई." ती शांत होती, रोज सुया टोचणाऱ्या बाईचा असतो तसला शांतपणा. "म्या एवढंच इचारते, त्या आयास्नी काय सांगनार हाईस?"

"जे सगळे सांगत्यात."

"मग आधी मला सांग. माझा हात धर न् सांग, ओडेसा, चार वर्सं आपुन तिथनं हलनार न्हाई. एवढं खरं सांग, ह्या सांजंला म्या भिंतीवरली चित्रं उतरवते."

लव्हेलनं तिचा हात हातात घेतला. तो तळवा एवढा मोठा की तिचा हात दिसेनासा झाला. "ओडेसा," म्हणाला. "चार..." आणि तोंड तसंच उघडं राहिलं. मी भिंतीकडं बघत बसलो. फोन वाजला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

त्यानं एका हातानं फोन उचलला. दुसऱ्यात तिचा हात तसाच होता.

"कोलियर, येतो म्या," तो म्हणाला. "पर त्ये वाक्य माझ्याच्यानं हुनार न्हाई. आयास्नी म्या सांगीन, हाय तवर तुमच्या लेकराला शिकवीन, म्होरलं ठावं न्हाई."

पलीकडचं हसणं मला ऐकू आलं. "अहो, मग पोरगं कोण देईल तुम्हाला?"

"निम्मी देतील."

"मला निम्मी नकोत, टब्ज."

"मग म्या बी नगो."

कोलियर म्हणाला, विचार करून सांगतो. विचार त्यानं तिथल्या तिथंच केला असणार, कारण अंधार पडायच्या आत टॅलापूलानं दुसऱ्याचं नाव जाहीर केलं.

पण ते नंतर. फोन ठेवल्यावर लव्हेल माझ्या बाकावर बसला, चक्क पाठ टेकून. "गेलं, ओडेसा," म्हणाला. "हितलं बी गेलं, तिथलं बी."

"गेलं तर गेलं." तिनं हात सोडवून घेतला, कोटाची बटणं लावली. "तुझी आई खूश झाली आसती. म्या काय खूश न्हाई. फेब्रुवारीत कुनीतरी बोलवंल, न् तू जाशील. पर ह्या खेपंला म्या येनार न्हाई, लव्हेल. घर हितंच ऱ्हाईल. तुला येता येईल तवा ये, कुलूप बदलत न्हाई."

तो बाकावरून उठला. "एकटी ऱ्हाशील?"

"आजवर कोन हुतं संगं?" ती म्हणाली, आणि ड्युटीला उशीर होतोय म्हणून निघून गेली.

फेब्रुवारी उजाडायच्या आधीच त्याला बोलावणं आलं. वाळवंटातलं शहर, आमच्यासारखाच पगारी खेळाडूंचा संघ, फळीचीच नोकरी. जायच्या आदल्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो तर हा शिडीवर, हातात ब्रश. पिवळा रंग खिडकीजवळ उडाला होता, तिथं दुसरा हात मारत होता. ओडेसा खाली टेबलाशी भाजी निवडत होती आणि वर न बघता सांगत होती, "डावीकडं ऱ्हायलं. त्येच्या खाली. आता उतरू नगंस, पुरं कर."