देव पारोसे राहिले तो दिवस

२०२४ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत, पण हट्टात मला कोणी मागं टाकलं नाय. पोटात सारखी आग व्हायची, म्हणून पोरानं पहाटेच गाडीवर बसवून संभाजीनगरच्या दवाखान्यात नेलं. घशात फवारा मारून डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली. जठराला सूज आहे, गोळ्यांनी बरं होईल म्हणाले. पण घसा बधिर आहे, तो जागा होईस्तोवर पाण्याचा थेंबही घेऊ नका, श्वासात जाईल, असं बजावलं.

मला घरी सोडून पोरगा कामाला गेला. भूक लई नव्हती, पण कोणी ‘खाऊ नका’ म्हणलं की मला खायचंच असतं. सून सुरेखा म्हणाली, “मामा, थोडं थांबा की. अडकलं म्हंजी?”

“जन्मभर गिळतोय मी. आता तू शिकवणार व्हय?” म्हणत मीच दुधात भाकर कुस्करली आन् घास उचलला.

तेवढ्यात शेजारच्या फातिमाबी दारात. “क्या दादा, खैरियत? आज तुमची घंटी नाय ऐकू आली. म्हणलं, दादा देवावर रुसले का काय!”

हात तिथंच थांबला. पहाटेच्या घाईत देव पारोसेच राहिले होते. आमच्या घरात देवाच्या अंघोळीआधी मी अन्नाला तोंड लावत नाही, आन् देवाला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. हाही माझाच हट्ट. घास ताटात ठेवला. खंडोबाचा टाक धुतला, भंडारा वाहिला, चमचाभर तीर्थ तोंडात घेतलं. ते कुठं गेलं कळलंच नाय. असा ठसका लागला की श्वास मिळंना. सुरेखा पाठ चोळतेय, फातिमाबी “या अल्ला, या अल्ला” करतायत. लई वेळानं छाती मोकळी झाली.

चमचाभर पाण्यानं ही गत, तर त्या घासानं काय केलं असतं?

लोक म्हणतील, शेजारीण सहज आली. असंल. मी वाद घालत नाही. ज्याला मी रोज अंघोळ घालतो, त्यानं त्या दिवशी मला सांभाळलं, एवढं मला पुरतं. सून तेच सांगत होती, तिचं मी ऐकलं नव्हतं. देवापुढं मान वाकवणं सोपं असतं. घरच्या माणसापुढं वाकवलेली मानही त्यालाच पोचते, हे कळायला म्हातारपण यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उरकून ओट्यापाशी गेलो आन् विचारलं, “सुरेखा, आज काय खाऊ?” तिनं मऊ भात वाढला. अळणी होता. तरी ताट पुसून खाल्लं.