वाढत्या मापाचे बूट

सुचित्रा दिघेला कुणी धक्का दिलाय असं सहसा होत नाही. बाईला सगळं आधीच ठाऊक असतं. सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या त्यांच्या ब्लॉकमधली लिफ्ट दुरुस्तीसाठी कधी बंद राहणार, खाली हॉकर सेंटरमधला कुठला खाण्याचा स्टॉल सोमवारी उघडत नाही, लेकीच्या, म्हणजे जाईच्या वर्गातली कुठली पोरगी कुठल्या ट्यूशनला जाते, तिला विचारा आणि उत्तर घ्या. तिचा नवरा प्रताप आयटीतला मोठा मॅनेजर, पण घरातलं काही विचारलं की ‘सुचित्राला माहीत असेल’ म्हणून मोकळा होतो. अशा बाईला भर दुकानात, लोकरीच्या टोप्यांच्या ढिगाशेजारी, असलं काही कळावं म्हणजे कमालच म्हणायची.

सिंगापूरला ती आली लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. पुण्यात एका सीएच्या फर्ममध्ये चांगली रुळली होती. प्रतापला इथली नोकरी मिळाली, त्यानं होकार कळवला आणि मग पेढे घेऊन घरी आला. तिनं पेढा खाल्ला. करते काय! डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या आधारावर आलेल्या बाईची पहिली वर्षं कशी जातात ते तिला विचारू नका, अजून चिडते. भाजी आणा, कपडे वाळत घाला, संध्याकाळी खिडकीत उभ्या राहा. मग तिनं पदर खोचला, इथल्या परीक्षा दिल्या, आपल्याहून लहान पोरांच्या हाताखाली बिलं लावली, आणि करत करत या वर्षी कंपनीचं अख्खं अकाउंट्स खातं तिच्या हाती आलं. त्या पेढ्यांबद्दल ती नवऱ्याशी एकदाच बोलली होती. पुढच्या वेळी आधी मला विचार, मग काय ते ठरव. प्रतापनं तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं.

तर या डिसेंबरच्या सुट्टीत टोरंटोला जायचं ठरलं, दहा दिवस. प्रतापचं तिथल्या ऑफिसात थोडं काम होतं, आणि जाईची पीएसएलई, म्हणजे सहावीची ती आईबापांचा जीव काढणारी परीक्षा, एकदाची संपली होती. आता सिंगापुरात थंडीचे कपडे विकत घेतं कोण? बारा महिने घाम पुसणारी माणसं आपण. मराठी मंडळींनी यावर तोड काढलेली आहे. हौगांगला राहणाऱ्या मीनलकडे एक भलीमोठी बॅग असते, तिच्यात जॅकेटं, हातमोजे, कानटोप्या. ज्याला थंडीच्या देशात जायचंय त्यानं ती न्यावी, आल्यावर सगळं धुऊन परत करावं. सुचित्रानं मीनलला बॅग सांगून ठेवली होती, तर प्रताप म्हणाला, नको, आपण नवीनच घेऊ.

सुचित्रा त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. हा माणूस भोकं पडलेला बनियन टाकू देत नाही! पण मग तिला वाटलं, बायको खात्याची प्रमुख झाली, नवऱ्याला उदारपणाचा झटका आला असेल. झटका ओसरायच्या आत खरेदी उरकावी म्हणून तिनं शनिवारीच दोघांना जुरोंग ईस्टच्या मॉलमध्ये ओढत नेलं.

दुकानात नुसते कोटच कोट. बाहेर अंगाला शर्ट चिकटतोय आणि आत लोक गुडघ्यापर्यंतचे कोट घालून आरशापुढे फिरताहेत. सुचित्राला हसू येत होतं. दुकानातली चिनी आंटी मोठी हुशार, माणूस बघून माप सांगणारी. तिनं जाईपुढे बर्फातल्या बुटांचे खोके मांडले आणि पोरीला स्टुलावर बसवलं.

आता मापाचा विषय निघाला म्हणजे दिघ्यांच्या घरात युद्ध ठरलेलं. पोरांचे कपडे वाढत्या मापाचे घ्यायचे ही सुचित्राच्या माहेरची शिस्त. उलट प्रतापनं लहानपणी थोरल्या भावाचे बूट पुढे कापूस कोंबून घातलेले. माझ्या पोरीला मी नेमक्याच मापाचं घेणार, हा त्याचा पण. जाईचा गणवेश सुचित्रानं सैल आणावा आणि यानं जाऊन बदलून आणावा, असं जाई बालवाडीत होती तेव्हापासून चाललंय. आणि आज हाच प्रताप पुढे झाला आणि आंटीला म्हणाला, हिच्या मापाहून दोन साइझ मोठे द्या.

सुचित्रानं टाळीच वाजवली. आला एकदाचा गृहस्थ ताळ्यावर, एवढी वर्षं माझ्याशी भांडून शेवटी अक्कल आली! आंटीलाही तिनं मोडक्यातोडक्या मँडरिनमध्ये काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या.

हसता हसताच तिचं लक्ष प्रतापनं भरलेल्या टोपलीकडे गेलं. आत घालायचे गरम कपडे दहा दिवसांचे नव्हतेच, प्रत्येकाचे ढीगभर होते. प्रतापच्या हातातला कोट फिरायला जाताना घालायचा नव्हता, रोज ऑफिसला घालायचा होता. आणि बूट वाढत्या मापाचे. दहा दिवसांत पोरीचा पाय किती वाढणार होता?

"प्रताप, हे बूट पुढच्या वर्षी जाई कुठे घालणार आहे?"

प्रताप कोटावरची चिठ्ठी वाचायला लागला. घरी गेल्यावर बोलू म्हणाला. तिनं त्याच्या हातातला कोट काढून घेतला आणि सांगितलं, इथंच बोल.

मग तो बोलला. कंपनी टोरंटोत नवी टीम उभी करतेय, तिचा तो प्रमुख. फेब्रुवारीत रुजू व्हायचं. सही गेल्या महिन्यातच झाली. तिला तो सांगणारच होता, पण तिथे पोहोचल्यावर, बर्फ बघून ती खूश असताना.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. सुचित्राची सरकली नाही, ती तिथे खिळली. गेला महिना ती आठवायला लागली. गेल्या महिन्यात या माणसानं तिच्या हातचे दिवाळीचे लाडू खाल्ले होते, तिच्या बढतीसाठी मित्रांना जेवायला बोलावलं होतं, सगळ्यांपुढे तिचं कौतुक केलं होतं. तेव्हा सही झालेली होती.

"बट डॅडी," स्टुलावरून जाई म्हणाली, "यू सेड यू टोल्ड हर ऑलरेडी."

हे मात्र सुचित्राला झेपलं नाही. म्हणजे पोरीलाही माहीत! गेले कित्येक रविवार ती डोळे फोडून सेकंडरी शाळा बघत होती, कुठली जवळ, कुठली चांगली, जाईला कुठे जमेल. बापलेक समोर बसून माना डोलावत होते. जाई कंटाळलीय असं तिला वाटलं होतं आणि तिनं पोरीला वर रागावूनही घेतलं होतं. आता तिला स्वतःचीच शरम वाटली, आणि त्या शरमेचा तिला भयंकर राग आला. तिनं काय केलं होतं शरमायला?

प्रताप समजूत घालू लागला. पोरीचं भलं, मोठं घर, मोकळी हवा, सगळं झालं. तिनं फक्त विचारलं, आणि माझी नोकरी? त्यावर तो अगदी प्रेमानं, तिच्या खांद्यावर हात ठेवून बोलला.

"अगं, तू हुशार आहेस. इथे शून्यापासून केलंस ना? तिथेही करशील."

त्याला खरंच वाटत होतं की आपण बायकोचं कौतुक करतोय. सुचित्रानं त्याच्याकडे पाहिलं. खिडकीत काढलेल्या त्या संध्याकाळी या माणसाच्या लेखी एक जमून गेलेली गोष्ट होती, पुन्हा सांगितली की पुन्हा करून देण्यासारखी.

आंटी तेवढ्यात बायकांचा एक लांब निळा कोट घेऊन आली. मॅडम, तुमचा, म्हणाली. कोट सुरेख होता. सुचित्रानं हात पुढे केला नाही. आंटीनं तिघांचे चेहरे बघितले आणि ती कोट घेऊन मागच्या मागे गेली.

"आई," जाईनं हाक मारली. मम्मा नाही, आई, आणि पुढचंही मराठीत. "आई, तू येणार ना?"

सुचित्रा स्टुलापुढे खाली बसली. तिनं बुटाच्या टोकावर अंगठा दाबून पाहिला, नाड्या बांधल्या. बूट चांगले आहेत, घेऊ, असं पोरीला म्हणाली. मग उठून नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरलाच होता.

"तू ठरवलंस, सही केलीस, मग मला कळलं, तेही मी विचारलं म्हणून. मी अजून काही ठरवलेलं नाही, प्रताप. ठरवेन तेव्हा तुला सांगेन. सही करायच्या आधी सांगेन."

आपल्या प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही हे जाईच्या लक्षात आलं होतं. ते मोठाले बूट घालून ती उठली आणि तिनं आईचा हात घट्ट धरला.