वाघाच्या सालातली किवा

किवा जन्मली वाघाच्या सालातल्या शेवटच्या महिन्यात. आमच्या जपानात बारा सालांना बारा प्राण्यांची नावं असतात. वडिलांनी सुईणीला गप्प राहायला सांगितलं आणि पोरीची नोंद केली ती नवीन साल लागल्यावर, म्हणजे सशाच्या सालात. वाघ कितीही लांब गेला तरी घराकडे परततो, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे त्या सालातली मुलगी सासरी टिकत नाही, माहेरी परत येते, असंही मानतात. तशी सून कोण करून घेणार?

किवा लग्नाची झाली, तेव्हा सशाच्या सालातली म्हटल्यावर नदीकाठच्या तोफूवाल्यांकडून, म्हणजे सोयाबीनचं पनीर करून विकणाऱ्यांकडून, लगेच मागणी आली. सासू योने हिला गरीब स्वभावाची सून हवी होती. मिळाली ती किवा, पहाटेच्या गार पाण्यात कोपरापर्यंत हात घालून तोफू कापणारी आणि सासूला शब्दाला शब्द देणारी. "सशाला एवढे दात असतात, हे मला लग्नानंतर कळलं," योने शेजारणींना सांगायची. किवाचा मुलगा तामोत्सु शाळेत जायला लागला त्या वर्षी तिचा नवरा तापाने गेला. तरी किवा माहेरी परतली नाही. वडिलांची भीती खोटी ठरली, पण हे सांगायचं कुणाला?

मग चीनशी लढाई सुरू झाली. तरुण मुलगे जाऊ लागले आणि त्यांच्या आया पांढरे पट्टे घेऊन पुलावर उभ्या राहू लागल्या. पट्टा मुलाने पोटाला बांधायचा. त्यावर हजार बायकांनी लाल दोऱ्याची एकेक गाठ मारायची. वाघाच्या सालातल्या बाईला मात्र वयाइतक्या गाठी मारायची मुभा, कारण वाघ परततो! ज्या समजुतीपायी मुलींची लग्नं मोडत होती, तीच आता मुलांना घरी आणणार होती. वाघाच्या सालातली म्हणून सासरहून परत पाठवलेली एक मासेवाली पुलावर ऐटीत बसायची आणि तिच्यापुढे रांग लागायची. किवा प्रत्येक पट्ट्यावर एकच गाठ मारायची आणि तोंड मिटून पुढे जायची.

पुढे अमेरिकेशी आणि इंग्रजांशीही जुंपली. सिंगापूर पडलं तेव्हा गावात मिरवणूक निघाली. रेडिओवर रोज नवा विजय, आणि दुकानात सोयाबीनचा दाणा मिळेना. "एवढं जिंकतोय, तर दाणे जातात कुठे?" योनेने भर गल्लीत विचारलं, तेव्हा महिला मंडळाच्या प्रमुखबाईंनी तिच्याकडे डोळे वटारले.

त्याच हिवाळ्यात तामोत्सुला सैन्यात बोलावणं आलं. शेजारच्या पिंपं बनवणाऱ्याची बायको शिमो, तिचा मुलगा हिदेओ त्याच्याच वयाचा, त्यालाही आलं. लोक अभिनंदनाला आले. मुलगा परत यावा असं आईने म्हणायची सोय नव्हती. सम्राटासाठी मरण येवो, असंच म्हणायचं. किवाने सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि आत जाऊन तोफूच्या पाण्यात हात घालून उभी राहिली. तिला एवढंच हवं होतं, की पोर परत यावं.

तामोत्सुचा पट्टा पुरा होत आला तेव्हा बायका दुकानापुढे उन्हात बसल्या होत्या. किवाने आपली गाठ मारली. मग दुसरी मारली. मग तिसरी.

"अगं किवा, एकच!" शिमो म्हणाली. "भान कुठे आहे तुझं?"

"भान आहे," किवा म्हणाली. "मी वाघाच्या सालातली आहे."

योने हातातलं निवडण टाकून उठली. "काहीतरीच बरळू नकोस. तू सशाची."

"वडिलांनी नोंद उशिरा केली, आई. नाहीतर तुम्ही मला करून घेतली असती का?"

"मुळीच नसती घेतली!" योने कडाडली. "इतकी वर्षं मला बनवलंस, आणि आता चारचौघींत सांगतेस?"

किवाने मान खाली घातली, पण सुई सोडली नाही. योने तिच्या हाताकडे बघत राहिली.

"आता माहेरी धाडायलाही उशीर झाला," ती शेवटी म्हणाली. "वय किती तुझं खरं?"

"एक्केचाळीस."

"मग थांबलीस कशाला? मार गाठी. आणि घट्ट मार, एकही सुटता कामा नये."

शिमो धावत घरी गेली आणि हिदेओचा पट्टा घेऊन आली. किवाने तोही पुरा केला, तसाच, तेवढ्याच घट्ट गाठींनी. स्टेशनवर झेंडे फडकले, जयजयकार झाला. किवा तामोत्सुला एवढंच म्हणाली, "पोटाला ऊब ठेव हं." त्याला कळलं.

तामोत्सु चीनमध्ये गेला, हिदेओ दक्षिणेकडच्या बेटांवर. त्यानंतर गल्लीतला प्रत्येक पट्टा किवाकडे येऊ लागला, आणि ती कुणालाही नाही म्हणाली नाही. देवळातली घंटा तोफांसाठी वितळवायला नेली. रेडिओवरचे विजय आपल्या किनाऱ्याच्या जवळजवळ येत गेले. मग एका कडक उन्हाच्या दुपारी रेडिओवर खुद्द सम्राटांचा आवाज ऐकू आला आणि लढाई संपली.

पुढच्या वसंतात तामोत्सु दारात उभा राहिला, हाडांचा सापळा होऊन. योनेने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मोठ्याने रडली. किवाची नजर त्याच्या पोटाकडे गेली.

"पट्टा नाही गं आई," तो ओशाळून म्हणाला. "गाठींत उवा झाल्या. पहिल्याच वर्षी जाळून टाकला."

किवा हसायला लागली. हसता हसता तिला खाली बसावं लागलं. पोर परतलं होतं, बाकी सगळं गेलं उडत.

त्याच महिन्यात शिमोकडे पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी आली. आत हिदेओच्या नावाची चिठ्ठी होती आणि अस्थींच्या जागी एक दगड. काही दिवसांनी शिमो वाडगा घेऊन तोफूला आली.

"हिदेओच्या पट्ट्यात तुझ्या सगळ्या गाठी होत्या ना?"

"सगळ्या, शिमो. तामोत्सुच्या होत्या तेवढ्याच."

"माहीत आहे," शिमो म्हणाली. "मी मोजल्या होत्या."

उवांचं सांगावं असं किवाच्या ओठांवर आलं. पण माझ्या मुलाने तो पट्टा जाळला, हे या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने वाडग्यात तोफू ठेवला. शिमो रोज येत राहिली.

दोन वर्षांनी तामोत्सुसाठी स्थळ घेऊन मध्यस्थीण आली. दुकानाच्या पायरीवर चहा झाला. शिमो वाडगा मांडीवर घेऊन तिथेच बसली होती.

"मुलीकडचे जुन्या वळणाचे आहेत," मध्यस्थीण म्हणाली. "सासू कोणत्या सालातली, ते विचारतात. वाघाच्या सालातली त्यांना नको."

योनेने किवाकडे पाहिलं. किवाने शिमोकडे.

"सशाच्या," किवा म्हणाली.

मध्यस्थीण हसली. "पण गल्लीत कुणीतरी मला वाघाच्या सालातली असं सांगितलं हो."

शिमोने वाडग्यावरची नजर वर उचलली नाही.

"सशाच्याच," ती म्हणाली. "मला माहीत आहे."