धर्ममायेचा हात

आमच्या गावात रस्त्यात भेटलेल्याला नमस्कार केला नाही, तर संध्याकाळपर्यंत न करणाऱ्याच्या आईबापांचं वळण काढलं जातं. त्यातही पुरुषानं बाईला आणि लहानानं मोठ्याला आधी बोलायचं. इलारी सुतार यात कधी चुकला नव्हता. साफ्तिका म्हातारी लांबून दिसली तरी त्याची टोपी हातात यायची. "हात चुंबतो, धर्ममाय," म्हणत तो वाकायचा आणि तिचा सुरकुतलेला हात खरोखर ओठांना लावायचा. त्याच्या लग्नात साफ्तिका आणि तिचा नवरा धर्माचे आईबाप म्हणून चर्चमध्ये उभे राहिले होते. हे नातं पुढच्या पिढीत उतरतं. इलारीच्या मुलीच्या लग्नात साफ्तिकाच्या मुलानं उभं राहायचं, हे न बोलता ठरलेलं होतं.

पण झाम्फिराचं लग्न सुचावा शहरात जमलं. जावयाच्या मालकानं आपणहून धर्मबाप व्हायची तयारी दाखवली, मुलगी हरखली, आणि इलारीला नाही म्हणवेना. निदान वेणीसारखा विणलेला पाव आणि वाइन घेऊन साफ्तिकाकडे जायचं, टोपी काढून तिची परवानगी मागायची, एवढं त्यानं करायला हवं होतं. आज जाऊ, रविवारी जाऊ करता करता लग्न होऊन गेलं. म्हातारीला ते बेकरीतल्या बाईकडून कळलं.

त्यानंतर ती पहिल्यांदा विहिरीपाशी दिसली, तेव्हा इलारीचे पाय आपोआप कुंपणाआड वळले. एक नमस्कार चुकला, त्याची लाज वाटून दुसराही चुकला. मग तो मागच्या आलुबुखाराच्या बागेतूनच जा-ये करू लागला. त्याची बायको अँगेलिना म्हणायची, "झाडांची राखण करायला ठेवलंय का रे तुला कुणी? रस्त्यानं जा की माणसासारखा." तो जेवण अर्धं टाकून उठायचा.

ईस्टरच्या रविवारी चर्चच्या अंगणात सगळा गाव लाल अंडी घेऊन उभा होता. इलारी भिंतीशी, लोकांच्या पाठीमागे. साफ्तिका काठी टेकत थेट त्याच्यापुढे आली आणि तिनं अंडं पुढे केलं.

"ख्रिस्त उठला आहे, इलारी."

आसपासची माणसं वळून बघू लागली. एवढ्या वडीलधाऱ्या बाईनं आधी बोलावं, हे आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. ईस्टरच्या या शब्दांना उत्तर न देणंही शक्य नव्हतं. "खरोखर उठला आहे," तो कसाबसा म्हणाला. रिवाजाप्रमाणे तिनं आपलं अंडं त्याच्या अंड्यावर आपटलं, त्याचं फुटलं, आणि ती निघून गेली.

सोमवारी तो पाव आणि बाटली घेऊन तिच्या दारात गेला. तिनं आत घेतलं, खुर्ची दिली, बशीत गुलाबाचा मुरंबा आणि ग्लासभर गार पाणी ठेवलं. तो वाकला, पण तिचे हात एप्रनखालून बाहेर आले नाहीत.

"बसा," साफ्तिका म्हणाली. "घ्या ना, तुमच्यासाठीच काढलाय."

सारा जन्म तिनं त्याला अरेतुरे केलं होतं. लहान असताना कान पिळले होते.

"धर्ममाय, मला शिव्या द्या," तो म्हणाला. "पण असं नका बोलू."

"पाहुण्याला कुणी शिव्या देतं का?" ती शांतपणे म्हणाली. "काल सणाचा दिवस होता, म्हणून मी आधी बोलले. तुमच्यासाठी नव्हे."

इलारीनं बागेची वाट सोडली. तो आता रस्त्यानंच जातो, लांबूनच टोपी काढतो. ती दर वेळी थांबून उत्तर देते, घरच्यांची विचारपूस करते. म्हातारीनं किती मोठ्या मनानं घेतलं, असं लोक म्हणतात. ते ऐकलं की इलारी खाली बघतो.

गेल्या शरदात झाम्फिरा बाळाला घेऊन आली, तेव्हा तो दोघांना साफ्तिकाकडे घेऊन गेला. तिनं बाळाला मांडीवर घेतलं, त्याची मूठ उघडून ओठांना लावली. "कुणाचा रे तू? लबाडा, माझी माळ ओढतोस?" खूप वेळ ती त्याच्याशी बोलत बसली. इलारी दाराशी टोपी हातात धरून उभा होता.

मायलेकरांना तिथेच ठेवून तो एकटा निघाला, तेव्हा तिनं मान वर केली.

"दार ओढून घ्या जाताना," ती त्याला म्हणाली. "बाळाला गार लागेल."