टोपीखालचं सोनं

आमच्या केटल फ्लॅट गावात पाच पिढ्या माणसं जमिनीतून सोनं काढत आली. जमिनीत सोनं घालणारा माणूस मात्र एकच झाला, आणि तो नेमका शाळेत माझ्या बाकावर बसणारा निघाला. ऑल्विन पेंडर.

पुढे त्याने शाळेची बस चालवली. एकतीस वर्षं. त्या बसचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याशी आणि त्याचं झाकण कायम सैल. पहिल्या दहा वर्षांत ऑल्विनचा डावा कान गेला, उरलेल्या वर्षांत उजव्याने सावकाश त्याला सोबत केली. पण ऐकू येत नाही असं कबूल करील तर तो ऑल्विन कसला. समोरचा काही बोलला की हा हसायचा आणि मान हलवायचा. हसला की वरचा एक दात सोन्याचा चमकायचा. खरा दात क्रिकेटच्या चेंडूने नेला. चेंडू मी टाकलेला, पण ती गोष्ट राहू दे. एकदा गुरांच्या लिलावात हा नुसता ओळखीच्यांना बघून माना हलवत उभा राहिला आणि संध्याकाळी नऊ मेंढे घेऊन घरी आला. त्याची बायको नोरीन दारात आली. तिने मेंढ्यांकडे पाहिलं, मग ऑल्विनकडे पाहिलं आणि विचारलं, "यातला माझा कोणता?"

नोरीनला कान मात्र देवाने दोघांचा मिळून एकटीलाच दिलेला. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. मागच्या बाकावर सिड बॅरक्लोचा सूर केसभर घसरला, की पाठ न वळवता, वाजवणं न थांबवता ती एवढंच म्हणते, "सिड." आणि सिड पुढचं कडवं नुसते ओठ हलवून काढतो.

ऑल्विन निवृत्त झाला त्याच वर्षी शेजारच्या गावात एका सुताराला बटाट्याएवढा सोन्याचा खडा सापडला, तोही नुसता खणून नव्हे, जमिनीतला धातू हुडकणाऱ्या यंत्राने. मग काय, आख्ख्या तालुक्याच्या हातात यंत्र आलं. ऑल्विननेही घेतलं. लांब काठी, टोकाला ताटाएवढी चकती, हाताशी डबा, डब्यावर तीन बटणं, कमरेला बॅटरी, कानाला हेडफोन. त्याबरोबर एक पुस्तिका आली, ती त्याने बायबलपेक्षा जास्त वेळा वाचली.

आमची जमीन लाल. लोखंड भरलेली. ती यंत्राशी खोटं बोलते. म्हणून आधी जुळवणी करावी लागते. यंत्राची एक बारीक गुणगुण सतत कानात चालू ठेवायची, शेजारच्या खोलीत डास असावा एवढीच. मग चकती गुडघ्यापर्यंत उचलायची, परत जमिनीला टेकत आणायची. खाली येताना गुणगुण चढली तर बटण एकीकडे, पडली तर दुसरीकडे. वर-खाली सारखी राहीपर्यंत हे चालू. त्यातही आमच्याकडे गरम दगड म्हणून एक जात आहे. हाताला अगदी गार लागतात, पण यंत्र त्यांच्यावर गेलं की सोनं सापडल्यासारखं ओरडतं. अशा गावात शिकाऊ माणसाने काय करावं, तर पुस्तिकेत लिहिलं होतं: खऱ्या सोन्याचा छोटा तुकडा वीतभर खोल पुरावा, त्यावरून चकती फिरवावी आणि सोन्याचा आवाज कानाला ओळखीचा करून घ्यावा.

ऑल्विनने 'खऱ्या सोन्याचा' या शब्दांखाली रेघ ओढली आणि तो नोरीनच्या खणाकडे गेला.

त्या खणात नोरीनचा ब्रोच असायचा. तिच्या आईला नाताळचा हंस साफ करताना त्याच्या पोटातल्या खड्यांमध्ये घेवड्याच्या दाण्याएवढं सोनं सापडलं होतं. आकारही असा, की मान मुडपून बसलेला हंसच. आईने ते पिनेवर बसवून घेतलं. नोरीन वर्षातून एकदाच, आमच्या गावच्या कृषी प्रदर्शनाच्या दिवशी, कॉलरला तो लावायची आणि आपला फ्रूटकेक परीक्षकांपुढे ठेवायची. अकरा वर्षं तिचा दुसरा नंबर येत होता. ब्रोच नसता तर तिसरा आला असता, असं तिचं ठाम मत.

प्रदर्शन शनिवारी. हा मंगळवार. ऑल्विनने ब्रोच काढला. पिनेचं पोलाद यंत्राला फसवील म्हणून चिमट्याने सोनं सुटं केलं, आणि नोरीनला दुपारच्या आत परत जागेवर दिसेल अशा हिशेबाने कबरस्तानामागच्या जुन्या खाणींच्या रानात गेला. वीतभर खड्डा केला. हंस आत ठेवला. माती ओढली. आता खूण. आमच्याकडे रानात खुंटी ठोकणं किंवा फडकं बांधणं म्हणजे गावाला जेवणाचं आमंत्रण; दुसऱ्या दिवशी तिथे पन्नास खड्डे. शहाणा माणूस खूण अशी करतो, की ती खूण वाटू नये. ऑल्विनने डोक्यावरची टोपी काढून सहज पडल्यासारखी त्या जागेवर टाकली. मग यंत्र घेऊन पन्नास पावलं लांब कोऱ्या जमिनीवर गेला आणि पाठ करून बटणं पिळत बसला.

आता यात मी येतो. मी आईच्या कबरीवर फुलं ठेवायला निघालो होतो. ऑक्टोबर होता. त्या महिन्यात आमच्याकडचे काळेपांढरे मॅगपाय पक्षी पिल्लांपायी पिसाळतात आणि उघडं डोकं दिसलं की मागून येऊन टोचतात. टोपीशिवाय कुणी शेजारच्या घरीसुद्धा जात नाही. अशा दिवसांत ऑल्विन बोडका उभा, आणि टोपी इकडे मातीत पडलेली. वाऱ्याने उडाली असणार. मी दोन हाका मारल्या. पण कान असे, वर हेडफोन. मग मी टोपी उचलली, झटकली, त्याच्या गाडीच्या आरशाला अडकवली, आणि शेजारधर्म केल्याच्या समाधानात फुलं ठेवून घरी येऊन मटण खाल्लं.

गुरुवारी परत तिकडे गेलो तर ऑल्विन चारी हातापायांवर. डोक्याला तीन ठिकाणी टोचलेलं, डोळे लाल. तीन दिवस त्याने ते रान यंत्राने विंचरलं होतं. त्याने सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "टोपी आपोआप आरशावर कशी गेली, लेस? मी वेडा तर होत नाही ना?"

मी म्हणालो, टोपी मी उचलली. ऑल्विन हसला आणि त्याने मान हलवली. ऐकलंच नव्हतं. मी पुन्हा जरा मोठ्याने सांगितलं. पुन्हा मान हलली. माणसाने आयुष्यात एखादा गुन्हा कबूल करावा आणि तोही तीनदा करावा लागावा, ही काय शिक्षा आहे ते ज्याचं त्याला माहीत. तिसऱ्यांदा मी छाती भरून ओरडलो, "नोरीनचं सोनं जिथे पुरलंस तिथली टोपी मी उचलली!"

ऑल्विनला ऐकू गेलं. कुंपणापलीकडे सरपण गोळा करणाऱ्या सिडलाही गेलं.

सिड कुंपणावर हात टेकून उभा राहिला. ऑल्विनने त्याला हात जोडून खरं ते सांगितलं: इथे नवीन काही सापडलेलं नाही, बायकोचं सोनं हरवलंय. सिडने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हरवलंय. हो ना," तो म्हणाला. "माझ्या आजोबांचंही असंच हरवायचं. दर उन्हाळ्यात, नव्या नाल्यात."

कारण आमच्या गावात ज्याला सोनं सापडतं तो शंभर वर्षं हेच सांगत आलाय. चिलीम पडली, अंगठी पडली, चष्मा पडला, तेच शोधतोय. खरोखर काही हरवलेला पहिला माणूस ऑल्विन, आणि त्याच्यासाठी वेगळी थाप कुणी शिल्लकच ठेवली नव्हती.

शुक्रवारी सकाळी तिथे तीस यंत्रं होती. प्रत्येक जण ऑल्विनला भेटून, खांद्यावर हात ठेवून, "काळजी नको, आम्ही शोधायलाच आलोय" म्हणायचा आणि डोळा मारून कामाला लागायचा. ऑल्विनची काळजी वेगळीच होती. सुट्या सोन्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. ज्याच्या खिशात गेलं त्याचं. आणि यंत्रं एकमेकांच्या जवळ आली की एकमेकांवर भुंकतात. तीसच्या तीस किंचाळत होती. तरी निघत होतं बरंच. घोड्याचे नाल, शिशाच्या गोळ्या, सार्डिनचे डबे, तंबाखूच्या डब्या, आणि कवळीची एक पत्र्याची पट्टी, जी आपल्याच आजोबांची आहे असं दोन घराण्यांनी सांगितलं. खणलेला खड्डा बुजवायचा आणि निघालेला कचरा घरी न्यायचा, ही आमची रीत, म्हणून प्रत्येकाचा खिसा खुळखुळत होता.

अकराच्या सुमारास नोरीन आली. प्रदर्शनाचे तंबू ठोकायला मैदानात एकही पुरुष नाही, म्हणून बायकांनी तिला पुरुष आणायला पाठवलं होतं. तिने तीस वाकलेल्या पाठी पाहिल्या आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

ऑल्विनने टोपी काढली. मॅगपायच्या महिन्यात टोपी काढणारा माणूस खरं तेच बोलणार. त्याने सगळं सांगितलं.

नोरीनने नजरेने सगळं रान मोजलं. मग तिने विचारलं, "किती खोल?"

"वीतभर."

"खूण काय?"

"टोपी."

"आणि टोपी कुठाय?"

ऑल्विनने हातातली टोपी दाखवली. मी आपले बूट बघत होतो. बूट बघणारा माणूस नोरीनच्या लगेच लक्षात येतो. शाळेत माझ्या पुढच्याच बाकावर होती ती.

"लेस, तू टोपी पाहिलीस तेव्हा कुठे उभा होतास?"

"आईच्या कबरीकडे चाललो होतो."

"तिची कबर त्या टोकाला. वाट या बाजूला येतच नाही."

"जरा थांबलो होतो. झाडाशी."

"झाडाशी कशाला?"

"नोरीन, माझं वय बघ. या वयात माणूस झाडाशी कशाला थांबतो?"

सिड फिसकन हसला. "सिड," नोरीन म्हणाली, आणि तो थांबला. मग मला म्हणाली, "कुठलं झाड ते दाखव. आणि तेव्हा जसा उभा होतास तसाच जाऊन उभा राहा."

"अगदी तसाच नाही राहणार हं."

"तोंड तिकडे असलं की पुरे."

तर एकोणसत्तर वर्षांचा मी, आख्ख्या केटल फ्लॅटच्या साक्षीने, एका काळ्या बुंध्याकडे तोंड करून, पाय फाकवून उभा राहिलो. आणि गंमत बघा, डोक्याला जे कालपासून आठवत नव्हतं ते शरीराने काढून दिलं. सालीवर मुंग्यांची रांग होती, ती मी बघत होतो. मग मान डाव्या खांद्यावरून वळवली होती. वळवली. वारूळ, पांढरा दगड, आणि दोन्हींच्या मधे टोपी. मी बोट दाखवलं.

लोक धावले. नोरीन आधी पोचली होती. तिने ऑल्विनचं यंत्र घेतलं, हेडफोन कानाला लावला आणि चटका बसल्यासारखा लगेच काढला. ऑल्विनने ती डासाची गुणगुण स्वतःला ऐकू येईल इतकी मोठी करून ठेवली होती. "हे काय लावलंयस? गिरणीचा भोंगा? यात सोनं काय, बस आली असती तरी कळलं नसतं."

तिने आवाज कमी कमी करत नेला. मग सगळ्यांना सांगितलं, आपापली यंत्रं बंद करा. कुणी हललं नाही. ती म्हणाली, उद्या तंबू नसले तर प्रदर्शन नाही, प्रदर्शन नाही तर केक नाही, आणि केक नाही तर जेवण कुणाच्या घरी शिजतंय ते मी बघतेच. तीस बटणं फटाफट बंद झाली.

मग तिने चकती उचलली, टेकवली, उचलली, टेकवली, एखादा सूर लावून घ्यावा तसं बटण जरा जरा फिरवत. इस्त्री करावी तशी चकती जमिनीवरून सपाट, संथ फिरवू लागली. ऑल्विन शेजारी टोपी छातीशी धरून उभा. एका ठिकाणी ती थांबली. परत मागे आली. "इथे सूर किंचित चढतो आणि उतरतो," ती म्हणाली. गुडघ्यावर बसून तिने कुदळीने माती काढली, मूठ मूठ चकतीवरून नेली. चौथ्या मुठीला मान हलवली, मूठ उघडली, थुंकी लावून पुसलं. मान मुडपलेला हंस.

सिड खूप वेळ बघत राहिला. "म्हणजे खरंच हरवलं होतं?" तो म्हणाला, इतका दुखावल्यासारखा, की ऑल्विननेच त्याची समजूत घातली.

तंबू ठोकले गेले. पिनेवर हंस डिंकाने चिकटवून नोरीन शनिवारी उभी राहिली. दुसरा नंबर आला. नेहमीचाच, म्हणून तिला अतिशय समाधान वाटलं.

पण त्या दिवशी रानात, सगळे पांगल्यावर, तिने ऑल्विनला एकच प्रश्न विचारला होता. "खरंच सोनं हवं होतं, तर घरात दुसरं नव्हतं का?" ऑल्विनला नीट ऐकू गेलं नाही. तो सवयीने हसला. उन्हात वरचा दात चमकला. नोरीन त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

आता यंत्र नोरीन चालवते आणि ऑल्विन कुदळ वाहतो. दर बुधवारी रानात शिरण्याआधी कबरस्तानाच्या लाकडी कुंपणापाशी ऑल्विन गवतावर उताणा पडतो, टोपी कपाळावर ओढतो आणि आ वासतो. नोरीन वीतभर उंचीवरून त्याच्या तोंडावर चकती फिरवते आणि बटण लावून घेते. मागच्या महिन्यात शहरातलं एक जोडपं गाडी थांबवून उतरलं. बाई घाबरून मला विचारू लागली, या आजोबांना काय झालंय, डॉक्टर बोलवू का.

मी म्हटलं, काही नको. जुळवणी चाललीय.