टर्बाइनवरचं ओलं गोणपाट

अजूनही उन्हाळ्यात दुपारी जेवून आडवी झाले, की अर्धवट झोपेत मला तो आवाज येतो. आवाज म्हणजे गुणगुण. ती कानात कमी आणि दाढांत जास्त जाणवते. डोळे मिटले की धुळ्याबाहेरचा तो कारखाना, पत्र्याची शेड आणि शेडच्या पलीकडे उन्हात पाण्यासारखा हलणारा महामार्ग दिसायला लागतो. ट्रक रस्त्यावरून नाही, हवेतूनच तरंगत आग्र्याकडे निघालेत असं वाटतं. मग कुणीतरी दार वाजवतं आणि मी चिडून उठते. माझा स्वभाव तसाच आहे, तेव्हाही तसाच होता. आई म्हणायची, हिच्या नाकावर राग नाही, रागावरच नाक बसवलंय.

नव्वदीची पहिली वर्षं होती. मी जळगावची, पॉलिटेक्निकमधून इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलेली. आमच्या वर्गात मुली दोन, त्यातली दुसरी लग्न करून सुरतेला गेली. मी धुळ्याच्या या कारखान्यात लागले, कारण त्यांनी स्वतःच्या विजेसाठी परदेशातून एक जुनं गॅस टर्बाइन आणलं होतं आणि त्याची कंट्रोल यंत्रणा सांभाळायला त्यांना माणूस हवा होता. बाई मिळाली, ती त्यांनी चालवून घेतली. गावाकडे सगळे विचारायचे, धुळ्यात गॅस कुठून आला? मी सांगायची, जळतं डिझेलच, पण त्याच्या तापलेल्या वायूच्या झोतानं पाती फिरतात, म्हणून गॅस टर्बाइन. लोक मान हलवायचे आणि पुन्हा विचारायचे, मग सिलिंडर किती दिवस पुरतो?

मला ते यंत्र फार आवडायचं, उगाच कशाला लपवू? सकाळी सुरू करताना आधी खोल श्वास घेतल्यासारखा आवाज, मग पोटातून उठणारी घरघर, मग ती हळूहळू चढत चढत एका सुरावर येऊन थांबायची. कंट्रोल रूममध्ये गार हवा, हिरवे दिवे आणि कागदाच्या पट्टीवर तापमानाची निळी रेघ काढत बसलेला एक काटा. त्या काट्याकडे बघता बघता माझी तंद्री लागायची. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश आणि आत मी एखाद्या विहिरीच्या तळाशी बसलेली. त्या खोलीत मी फार सुखी होते.

बाहेरच्या उन्हात असायचे ते आबा. ते ऑइलमन होते. यावलकडच्या केळीवाल्या घरातले, पण भावकीत वाटण्या झाल्यावर शेतातून उठून इकडे आलेले. वय साठीला टेकलेलं. हातात तेलाचा डबा, खांद्यावर पुसायचं फडकं. दर तासाला ते टर्बाइनभोवती फेरी मारायचे आणि प्रत्येक भागाला तळहात लावून बघायचे, बैलाच्या पाठीला लावतात तसा. मीटर त्यांना वाचता येत नव्हते. पण बेअरिंग गरम झालंय हे माझ्या पॅनेलच्या आधी आबांचा तळहात सांगायचा, आणि त्याचा मला थोडा राग यायचा.

त्या हिवाळ्यात एका खारीनं एक केबल कुरतडली. यंत्राच्या धुराड्यात तापमान मोजायला थर्मोकपल बसवलेले असतात, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. टोक तापलं की बारीकशी वीज तयार होते, तिच्यावरून तापमान कळतं. त्या तारा टर्बाइनच्या अंगावर एका ॲल्युमिनियमच्या डब्यात येतात आणि डब्यापासून माझ्या पॅनेलपर्यंत खास त्याच धातूंची केबल लागते. खारीनं नेमकी तीच खाल्ली. ती मुंबईहून यायला दीड महिना. कारखाना बंद, साहेबांचे फोनवर फोन. मी बाजारातून साधी तांब्याची केबल आणली, तासाभरात जोडली, पॅनेलवर खोटा सिग्नल देऊन तपासली. आकडा बरोबर आला. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. खास केबल आली की बदलू म्हटलं, आणि मग ती गोष्ट मी विसरले. खरं सांगायचं तर विसरले नाही, मागे टाकली. चालतंय ना, मग कशाला हात लावा?

उलट त्यानंतर तापमान कमीच दिसायला लागलं. साहेब खूश झाले. यंत्रात अजून दम आहे म्हणाले आणि लोड वाढवला.

मग वैशाख आला आणि दुपारचं ते संकट सुरू झालं. दोन वाजून गेले की तापमानाचा काटा एकदम वर चढायचा, लाल दिवा लागायचा आणि टर्बाइन ट्रिप. तापमान वाढलं तर इंधन आपोआप कमी करणारा भाग त्या जुन्या यंत्रावर कधी धड चाललाच नव्हता, त्यामुळे थेट बंद. ती गुणगुण खाली खाली उतरत जायची आणि अशी शांतता पडायची की महामार्गापलीकडच्या शेतातलं चिमण्यांचं भांडण ऐकू यावं. दारातून वॉचमन सांगायचा, ‘बठ्ठं थांबी गयं, ताई.’ जसं काही मला दिसत नव्हतं.

तीन दिवस मी साप साप म्हणून भुई धोपटली. कार्ड बदलली, रिले बदलले, थर्मोकपल एकेक काढून उकळत्या पाण्यात तपासले. सगळं ठणठणीत. आणि दोन वाजले की काटा वर. चौथ्या दिवशी मी गार खोली सोडली आणि दीड वाजल्यापासून शेडमध्ये एका खांबाआड उभी राहिले. ऊन एवढं की डोळ्यांपुढे पिवळी वर्तुळं फिरत होती. टर्बाइन मला जमिनीपासून हातभर वर उचललेलं दिसत होतं. जेवून आबा आले. हातात बादली, बादलीत भिजवलेलं गोणपाट. त्यांनी ते पिळलं, झटकलं आणि माझ्या त्या ॲल्युमिनियमच्या डब्यावर अलगद पांघरलं, वर ओंजळभर पाणी शिंपडलं. शेडमधून लूचा, त्या भाजणाऱ्या वाऱ्याचा, झोत येत होता, गोणपाट फडफडत होतं. काही मिनिटांत टर्बाइन ट्रिप झालं.

मी धावत गेले आणि त्या म्हाताऱ्या माणसाला नको नको ते बोलले. विजेच्या डब्यावर पाणी टाकता, अक्कल कुठे गहाण टाकली, असलं सगळं. माझी जीभ एकदा सुटली की मलाही ती धरता येत नाही. आबांनी बादली खाली ठेवली. मग म्हणाले, ‘पोरी, हात लावून पाह्य. पोयते. इतक्या उन्हात मानसाले सावली लागते, त्याले नको का?’ केळीच्या बागेला लूच्या अंगानं ओल्या गोणपाटाचे पडदे बांधतात, माठाला बांधतात, हे त्यांनी जन्मभर केलेलं. उन्हाळा चढला तसा डबा हाताला चटका द्यायला लागला, म्हणून त्यांनी त्यालाही बांधलं. मला त्या क्षणी ते अडाणीपणाचं वाटलं. मी साहेबांना जाऊन सांगितलं.

गोणपाट गेलं. गुरुवारी ट्रिप नाही, शुक्रवारी नाही. साहेबांनी पुन्हा माझं कौतुक केलं आणि आबांना सांगितलं, सोमवारपासून यायचं नाही. आबा कंत्राटावरचे, त्यांच्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं. मुलगा नव्हता, आणि भावकीत परत जाऊन कोणाच्या ओसरीवर बसणार? हे सगळं वॉचमननं मला सांगितलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शनिवारी दुपारी मी काट्यासमोर बसले होते. निळी रेघ सरळ, शांत. तंद्री लागत होती आणि त्या तंद्रीतच एक प्रश्न पाण्यातल्या बेडकासारखा वर आला. डबा गार केला तर तापमान वर कसं दिसेल? डब्याचा आणि तापमानाचा संबंधच काय? योग्य केबल असेल, तर डबा तापो की गारठो, आकड्याला काही फरक पडत नाही. योग्य केबल असेल तर.

केबल तर तांब्याची होती, मीच टाकलेली.

मी उठून बाहेर गेले आणि काचेचा थर्मामीटर डब्यात धरला. सत्तर अंश. पॅनेलपाशी पंचवीस. थर्मोकपल फक्त टोक आणि खास तारा संपतात ती जागा यांच्यातला फरक सांगतो; साध्या तारेमुळे ती जागा आता डबा होती, आणि डबा पॅनेलपेक्षा जितका तापलेला, तितकं तापमान पॅनेलवर कमी दिसत होतं. म्हणजे खरं तापमान पंचेचाळीस अंशांनी जास्त. थंडीच्या दिवसांपासून यंत्र आतून भाजत होतं आणि माझा लाडका काटा खोटं बोलत होता. दुपारी आबांनी गोणपाट टाकलं, डबा गार झाला, की तो तेवढ्यापुरता जवळजवळ खरं बोलायचा आणि टर्बाइन स्वतःला वाचवायला बंद व्हायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्या हातानं दिली होती.

मी खूप वाईट विचार केला, तो लिहिते. कुणालाच कळणार नाही. खास केबल स्टोअरमध्ये येऊन पडलीय, रविवारी एकटी येईन, बदलीन, लोड उतरवायला काहीतरी कारण सांगेन. आपलं ठेवायचं झाकून. खिडकीतून गेट दिसत होतं. आबा तेलाचा डबा जमा करायला स्टोअरकडे चालले होते. तो त्यांनी पुसून चकचकीत केला होता.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, ‘केबल मी चुकीची टाकली होती. आबांच्या गोणपाटानं यंत्र वाचलंय.’

साहेबांना समजायला दहा मिनिटं लागली आणि मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की हे आणखी कोणाला माहीत आहे. केबल बदलून टाक, विषय वाढवू नकोस, वरच्या लोकांना उत्तर कोण देणार, म्हणाले. त्या दिवशी माझ्या रागाचा आयुष्यात पहिल्यांदा काही उपयोग झाला. मी लॉगबुक उचललं आणि त्यांच्या टेबलावरच लिहिलं, काय चुकलं, कधीपासून, कोणाकडून. खाली सही केली. वरचे लोक हे वाचतील तेव्हा त्यांना दिसेल की आबांना काढलं ते माझ्या चुकीसाठी, एवढंच बोलले.

आबांना मी गेटबाहेर गाठलं. रिक्षाची वाट बघत, पिशवी पायाशी ठेवून उभे. मी त्यांना दोन धातू, डबा, तांब्याची तार, सगळं सांगत सुटले. मधेच रडू आलं. मला त्यांच्यासमोर इतकी लाज वाटली की मी त्यांच्या पिशवीकडेच बघत बोलत होते. त्यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, ‘मंग सोमवारी येऊ ना मी?’

लॉगबुकातल्या त्या सहीनंतर साहेबांना आबांना परत घ्यावंच लागलं. पावसाळ्यात टर्बाइन उघडलं, तेव्हा पात्यांची टोकं निळी-जांभळी पडलेली होती, पण तुटली नव्हती. मला लेखी ठपका मिळाला आणि तो माझ्या हक्काचाच होता. खास केबल मी त्याच रविवारी घातली होती आणि डब्यावर पाणी आत न जाणारं रबर बसवून घेतलं होतं. आता गोणपाटाची काही गरज नव्हती. पण हे आबांना मी सांगितलं नाही. ते होते तोवर, उन्हाळ्यात रोज दुपारी दोनला बादली घेऊन निघायचे, गोणपाट पिळून डब्यावर पांघरायचे. मी आत गार खोलीत काट्याकडे बघत बसायची. तो जागचा हलायचा नाही.