ओपल स्टॅम्परची वाट

आमच्या केंटकीच्या डोंगरातली ओपल स्टॅम्पर अमेरिकेच्या सरकारशी भांडली. मी तिची शेजारीण. खटल्याच्या दिवशी तिच्या मागच्याच बाकावर होते.

ओपलचे आईवडील वर डोंगरमाथ्यावर, सरकारी जंगलातल्या जुन्या दफनभूमीत आहेत. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही आपापली थडगी साफ करतो, फुलं वाहतो आणि तिथेच पंगत मांडतो. एका वर्षी जंगलवाल्यांनी वाटेवर फाटक घालून कुलूप लावलं. वर्षातून एक दिवस परवानगी देऊ, म्हणाले. ओपलनं ती नाकारली. गाडीशिवाय तिचे गुडघे तिला वर नेणार नव्हते, तरीही.

ती आधी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कोर्टात गेली. तिथला न्यायाधीश तिच्या भाच्याच्या, डेल्मरच्या, वर्गातला. जिंकणारच, असं तिनं धरलं होतं. त्यानं हात वर केले. जमिनीवर देशाचं सरकार हक्क सांगतं तेव्हा तो वाद फक्त फेडरल, म्हणजे देशाच्या सरकारचं, कोर्ट ऐकतं, म्हणाला. तिथे अशा खटल्याला सामान्य नागरिकांची ज्यूरी नसते. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला न्यायाधीश एकटाच ठरवतो.

डेल्मर म्हणाला, "मावशी, मैदान त्यांचं, पंचही त्यांचाच. घे परवानगी नि गप बस."

"तू बस गप. ते कोर्ट माझ्याही देशाचं आहे."

वकिलानं तिला बजावलं होतं. सरकारनं जंगल घेण्याआधीपासून ही वाट तुमच्या हक्काची होती, हे दाखवायचं. जुन्या मालकाच्या मेहरबानीनं वापरली असं निघालं, तर खटला संपला. मला धास्ती त्याचीच. तो मालक आमचा शेजारीच होता, नि मेलेल्या शेजाऱ्याचे उपकार नाकारणं आमच्यात असभ्य समजतात.

कोर्टात सरकारी वकीलबाईंनी मऊ आवाजात नेमकं तेच विचारलं. जुने मालक भले होते ना, जाऊ देत होते ना?

"भला होता," ओपल म्हणाली. "आमच्या पंगतीला बसायचा. पण आपल्या माणसांच्या थडग्यांकडे जायला आम्ही कुणाला विचारत नाही, बाई. त्यानं नको म्हटलं असतं, तरी आई गेलीच असती."

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं.

एप्रिलमध्ये निकाल आला. सरकारच्याच कोर्टानं सरकारला कुलूप काढायला लावलं. दुपारपर्यंत ही बातमी मी निम्म्या काउंटीला सांगून टाकली होती.

मेच्या शेवटच्या रविवारी गाडी थेट वरपर्यंत गेली. डेल्मरनं तिला हात धरून उतरवलं नि विचारलं, "आता तरी खूश ना, मावशी?"

ओपलनं आईच्या थडग्याकडे पाहिलं. "आधी गवत काढ," ती म्हणाली.